कापडाचे माप, कमरेचे माप

(भिवंडी येथे यंत्रमागधारक, कामगार व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



भिवंडीत मापावाचून काहीच हलत नाही. सूत येते ते वजनावर, तागा जातो तो मीटरवर, आणि मागावर उभ्या असलेल्या कामगाराची मजुरी ठरते तीही विणलेल्या मीटरवरच. ताग्यात हातभर कापड कमी निघाले तर त्याची चर्चा आठवडाभर पुरते. अशा या शहरात एखाद्या चाळिशीच्या गृहस्थास त्याच्या कमरेचे माप विचारून पाहावे. तो शिंप्याकडे बोट दाखवील. आणि शिंप्याच्या वहीतले माप असेल गेल्या ईदचे किंवा गेल्या दिवाळीचे. त्यानंतर पट्ट्याचे एक भोक पुढे सरकले, मग दुसरे सरकले, आणि मग पट्टाच नवा आणला गेला. नोंद मात्र कुठेच झाली नाही.

वजन कमी करण्याचा संकल्प बहुधा आरशापुढे होतो किंवा लग्नाच्या जुन्या छायाचित्राकडे पाहून होतो. तो आठ-दहा दिवस टिकतो. त्या उत्साहाचा आरंभ फितीने आणि दोन रुपयांच्या पेन्सिलीने व्हावा, एवढेच प्रथम सांगावयाचे आहे. पण त्याआधी एका आक्षेपाला उत्तर देणे आवश्यक आहे.

आक्षेप असा की, भिवंडी हे कष्टकऱ्यांचे शहर. येथे बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात, बहुसंख्यांचे पोट हातावर आहे. लठ्ठपणा हे मुंबईच्या श्रीमंत वस्तीतील दुखणे, त्याचे येथे काय प्रयोजन? आक्षेप ऐकावयास बरा वाटतो, परंतु तो आता खरा राहिलेला नाही. २०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ या वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६ मधील फेरीत हेच आकडे २०.६ आणि १८.९ होते. चौघांमागे जवळजवळ एक, असा हा हिशेब आहे. आणि एवढी मोठी संख्या केवळ श्रीमंतांच्या घरांत मावणारी नव्हे.

यासंबंधी लंडन शहरातील एक जुना अभ्यास भिवंडीकरांनी अवश्य ध्यानात घ्यावा असा आहे. डॉ. जेरेमी मॉरिस या संशोधकाने तेथील दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली. दोघांचा पगार, वस्ती, राहणी यांत मोठे अंतर नव्हते. फरक एवढाच की चालक दिवसभर बसून असे, आणि वाहक दिवसभर जिन्याची चढउतर करीत असे. रोज सुमारे पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांहून कमी आढळले. पुढे १९५६ मध्ये याच मंडळींनी एक नामी युक्ती केली. कर्मचाऱ्यांना गणवेश देताना घेतलेली विजारींची मापे त्यांनी तपासली. चालकांच्या कमरा वाहकांहून रुंद निघाल्या. म्हणजे जे वैद्यकाने हुडकले, ते शिंप्याच्या वहीत आधीच लिहिलेले होते.

भिवंडीतही असेच चालक आणि वाहक आहेत. चार-सहा मागांमध्ये फेऱ्या घालणारा, तुटलेला धागा जोडणारा, धोट्यात कांडी बदलणारा कामगार म्हणजे येथील वाहक. तोच कामगार दहा-पंधरा वर्षांनी हुशारीने मुकादम होतो, कोणी जॉबर होतो, कोणी कर्ज काढून आठ माग टाकतो आणि गादीवर बसतो. कोणी कारखाना सोडून रिक्षा घेतो. अंजूरफाट्यापासून मानकोलीपर्यंत आणि पुढे नाशिक महामार्गाच्या दोन्ही बाजूंना जी प्रचंड गोदामे उभी राहिली, त्यांतही हमाली करणारे वेगळे आणि संगणकापुढे बसून मालाची नोंद करणारे वेगळे. माणसाची बढती झाली की त्याला खुर्ची मिळते. फेऱ्या थांबतात, भूक मात्र जुन्या सवयीने मागावरच्या कामगाराचीच राहते. शिवाय आता खिशात पैसा असतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्यासाठी मागवलेल्या चहात मालकाचाही पेला असतोच. ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून ज्या पोटाचे कौतुक होते, ते पोट अशा रीतीने प्रगतीच्या वाटेवरच वाढलेले असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जो आजही मागावर उभा आहे आणि भिशीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, मोजके जेवतो, त्याला ‘कमी खा’ असे सांगणे हा अन्याय होईल. त्याला डाळ घट्ट मिळावी आणि भाजी पोटभर मिळावी, हाच त्याच्या आहाराचा प्रश्न आहे. आजचे विवेचन आहे ते बसलेल्यांसाठी.

मात्र बारीक दिसणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारीशेजारी काढलेले छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक नेमका २२.३. पाहणाऱ्यास दोघेही सारखेच सडपातळ. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज गृहस्थांची ९.१ टक्के भरली आणि पुण्याच्या डॉक्टरांची २१.२ टक्के. भारतीय माणूस हातापायांनी किरकोळ असतो, आणि त्याची चरबी पोटात, आतड्यांभोवती साठते. ही आतली चरबीच मधुमेह आणि रक्तदाब यांना लवकर आमंत्रण देते. म्हणून भारतीयांसाठी कसोटी कडक ठेवण्यात आली आहे. पाश्चात्य देशांत निर्देशांक २५ झाल्यावर वजन जास्त समजतात. आपल्याकडे २३ लाच सावध व्हावे आणि २५ ला स्थूलता आली असे समजावे, असा येथील तज्ज्ञांचा निर्णय आहे. कमरेच्या बाबतीत पुरुषाची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८०.

निर्देशांक काढणे कठीण नाही. किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीने एकदा भागावे, आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीनेच भागावे. जेथे मीटरवर व्यवहार चालतो, तेथे हा भागाकार कोणी शिकवावयास नको. फीत धरावयाची जागा मात्र अनेकांची चुकते. विजारीचा पट्टा पोटाखाली बांधणारा माणूस तेथेच माप घेतो आणि खूश होतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता फीत धरावयाची असते.

हे माप सरकारी आरोग्य यंत्रणेलाही हवे असते, ही गोष्ट फारशा लोकांना ठाऊक नाही. वस्तीत फिरणारी आशा कार्यकर्ती ३० वर्षांवरील व्यक्तींची माहिती ज्या तक्त्यात भरून घेते, त्यात वय, तंबाखू, मद्य, घरातील मधुमेह-रक्तदाबाचा इतिहास यांबरोबर कमरेचे माप आणि आठवड्याचा व्यायाम यांनाही गुण असतात. पुरुषाची कंबर ९० पर्यंत असेल तर शून्य, १०० पर्यंत एक, त्यापुढे दोन. स्त्रियांसाठी हीच मोजणी ८० आणि ९० या आकड्यांवर होते. आठवड्यातून किमान १५० मिनिटे अंगमेहनत नसेल तर आणखी एक गुण. एकूण गुण चाराच्या वर गेले की त्या व्यक्तीची तपासणी अग्रक्रमाने व्हावयास हवी, असा नियम आहे. शाळेत गुण जास्त मिळाले की पेढे वाटतात. येथे कमी मिळालेले बरे. आशाताई दाराशी आल्या की ‘आमच्याकडे सगळे ठीक आहे’ असे आतूनच सांगून वाटेला लावण्याची जी पद्धत आहे, ती सोडावी.

आता प्रत्यक्ष योजनेकडे वळू. उदाहरणासाठी एक मेहताजी कल्पावेत. वय बेचाळीस, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, कंबर १०१. निर्देशांक २८ च्या पुढे. धामणकर नाक्याजवळच्या एखाद्या पेढीवर सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत हिशेब लिहिणे हे त्यांचे काम. घरी पत्नी, दोन मुले, वृद्ध आई. वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेलेले. घरात मिळवते तेच एकटे. त्यांच्या पोटाचा प्रश्न हा दिसण्याचा प्रश्न नव्हे. त्या पोटावर पाच माणसांचे पोट अवलंबून आहे.

पहिल्या आठवड्यात मेहताजींनी काहीही सोडावयाचे नाही आणि काहीही सुरू करावयाचे नाही. फक्त लिहावयाचे. पेढीची रोजकीर्द जशी लिहितात तशी. सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय गेले, किती वाजता गेले, कोणाच्या आग्रहाने गेले. माणूस बाहेरच्यांच्या हिशेबात जितका प्रामाणिक असतो तितका स्वतःच्या खाण्याच्या हिशेबात नसतो. शेंगदाण्याची मूठ, मुलांच्या ताटातील उरलेला घास, सौदा झाल्यावर आलेला पेढा, हे सारे बिनखात्याचे व्यवहार ठरतात. वही ते खात्यावर आणते. याच आठवड्यात वजन आणि कंबर यांचे आरंभीचे आकडे टाकावेत. वजन पुढे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, रिकाम्या पोटी आणि एकाच काट्यावर पाहावे. रोज काट्यावर उभे राहणाऱ्याची चित्तवृत्ती पाण्याच्या चढउतारावर हेलकावत राहते.

वही वाचली की पहिला आरोपी बहुधा चहा निघतो. पेढीवर दिवसातून सहा पेले, प्रत्येकात दोन लहान चमचे साखर. म्हणजे सुमारे साठ ग्रॅम साखर, २४० उष्मांक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शिकेत दिवसाची साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असे सांगितले आहे. मेहताजी केवळ चहातून दुपटीहून अधिक घेतात. आता दुसरी बाजू पाहावी. अर्धा तास झपझप चालल्यास त्यांच्या वजनाच्या माणसाचे १२५ ते १४० उष्मांक खर्च होतात. म्हणजे चहातली साखर फेडण्यासाठी जवळजवळ तासभर चालावे लागेल. एक वडापाव सुमारे ३०० उष्मांकांचा. तो फेडावयाचा तर सव्वा तास. धामणकर नाक्यावर वडापाव तीन मिनिटांत संपतो.

यावरून व्यायाम निरुपयोगी आहे असा अर्थ मात्र काढू नये. अर्थ एवढाच की, उधारी करून ती व्यायामाने फेडण्याचा मार्ग तोट्याचा आहे. दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा अंत्यविधीचे साहित्य पुरविणारा व्यावसायिक होता. वाढते वजन कमी करण्यासाठी त्याने नदीवर रोज नाव वल्हविण्यास आरंभ केला. स्नायू बळकट झाले, पण भूक एवढी वाढली की वजन चढतच गेले. अखेर वैद्याच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे, लोणी, बिअर यांना रजा दिली. ९२ किलोंच्या आसपास असलेला हा गृहस्थ वर्षभरात वीस किलोंनी हलका झाला. १८६३ मध्ये त्याने आपला अनुभव छोट्या पुस्तिकेत लिहिला आणि ती इतकी खपली की स्वीडिश भाषेत आजही पथ्याने वजन उतरविण्यास त्याच्या नावावरून पडलेले क्रियापद वापरतात.

साखर एकदम तोडू नये. दोनाचा दीड चमचा, पंधरवड्याने एक, पुढे अर्धा. जीभ दोन-तीन आठवड्यांत नव्या गोडीला सरावते. सहांपैकी दोन चहा असे असतात की ते तहानेचे असतात, चहाचे नसतात. त्या वेळी पाणी प्यावे. यंत्रमागांच्या गावात उष्मा आणि सुताची धूळ यांमुळे घसा सतत कोरडा पडतो, आणि मग माणूस चहा मागवतो.

जेवणाविषयी लोकांत अनेक गैरसमज आहेत. वजन उतरवायचे म्हटले की ‘भात सोडा’ असा उपदेश प्रथम होतो. ठाणे जिल्ह्यात तांदळावर पिढ्या पोसल्या गेल्या आहेत. आगरी घरातील तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ, कोकणी मुस्लिम घरातील माशाचे कालवण, पद्मानगरच्या तेलुगू विणकर घरांतील भात-सांबार, उत्तरेकडून आलेल्या कुटुंबांची रोटी-डाळ, यांपैकी कोणतेच ताट मुळात वाईट नाही. बिघाड झाला तो प्रमाणात. पूर्वी शेतात राबणाऱ्याच्या ताटात भाताचा डोंगर शोभत होता; गादीवरच्या माणसाच्या ताटातही तोच डोंगर राहिला आणि भाजी मात्र कोपऱ्यात चटणीएवढी उरली. पोषण संस्थेच्या नमुना ताटात २,००० उष्मांकांच्या दिवसासाठी धान्य २५० ग्रॅम आणि भाजीपाला ४०० ग्रॅम धरला आहे. बहुतेक घरांत हा हिशेब अगदी उलटा असतो. डाळी, उसळी किंवा त्यांच्या जागी मासे-अंडी ८५ ग्रॅम, तेल २७ ग्रॅम. तेलाचा हा आकडा गृहिणींनी महिन्यावर मांडून पाहावा. चार माणसांच्या घरात साधारण साडेतीन लिटर. घरात महिन्याला प्रत्यक्ष किती पिशव्या येतात, हे वाण्याचे बिल सांगेल.

मेहताजींसाठी म्हणून एवढेच: ताटात प्रथम भाजी आणि कोशिंबीर वाढून घ्यावी, मग आमटी किंवा उसळ, आणि भात शेवटी, नेहमीच्या निम्मा. तांदळाच्या तीन भाकऱ्यांच्या दोन कराव्यात, मात्र वालाची उसळ वाढवावी. तिने पोट दीर्घकाळ भरलेले राहते. सुकट-बोंबील चालतात, पण त्यांत मीठ फार, म्हणून रक्तदाबवाल्यांनी हात आखडता घ्यावा. रात्री साडेनऊला घरी पोहोचून दहाला भरपेट जेवणे आणि साडेदहाला आडवे होणे, ही या धंद्यातील सर्वांत वाईट सवय आहे. डब्यातील चार घास संध्याकाळी सातला पेढीवरच खाल्ले, तर रात्रीचे जेवण आपोआप हलके होते, आणि सहाच्या सुमारास येणारा वडापावही टळतो.

अलीकडे महाराष्ट्रात दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत पुष्कळ लोकप्रिय झाली. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी ती मांडली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तिचा प्रसार केला. मधल्या वेळचे चरणे तिच्यामुळे बंद होते, हा तिचा उघड लाभ आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र जेवणाच्या वेळा स्वतःच्या बुद्धीने बदलू नयेत. साखर अचानक उतरून घेरी येण्याचा धोका असतो, आणि चालत्या मागाजवळ किंवा वाहन चालविताना आलेली घेरी जीवावर बेतू शकते.

उपवासांविषयीही बोलले पाहिजे, कारण भिवंडीत श्रावण आणि रमजान दोन्ही मनोभावे पाळले जातात. श्रद्धेचा प्रश्न वेगळा. परंतु वजनाच्या दृष्टीने पाहिले तर ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा, दाणे आणि तूप यांचे ताट साध्या जेवणाहून जड असते. रोजा सोडतानाही खजूर, पाणी आणि फळांवर थोडा वेळ थांबून मग जेवणारा आणि भजी-समोशांवर तुटून पडणारा, यांच्या महिनाअखेरीच्या वजनात फरक पडणारच.

आता व्यायाम. येथे साधनांचा मोह टाळावा. या संदर्भात औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे उदाहरण बोधप्रद आहे. १८९७ मध्ये त्यांनी युजेन सँडो या विख्यात पाश्चात्य बलोपासकाची साधने आणि पुस्तके मागविली आणि सुमारे दहा वर्षे ती पद्धत नेटाने चालविली. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. साधन नको, सोबती नको, साडेतीन हात जागा पुरे, ही त्यांची निवड होती. आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, आणि १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. संस्थानिकास साधनांची वाण नव्हती. तरीही जे टिकले ते बिनसाधनाचे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भिवंडीत अनेक घरांत व्यायामाची सायकल आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळत असतात.

चालणे हा आरंभासाठी सर्वांत बिनधोक व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. दहा हजार पावलांचा जो आकडा सर्वांच्या तोंडी आहे, तो मुळात १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातला. तो वैद्यकीय कायदा नव्हे. मेहताजींनी पहिल्या आठवड्यात दहा मिनिटेच चालावे, पण रोज. दुसऱ्यात पंधरा. सहाव्या आठवड्यापर्यंत तीस. वेग एवढा असावा की बोलता येईल, गाता मात्र येणार नाही.

प्रश्न येतो तो जागेचा, आणि तो खोटा नाही. कल्याण नाक्यावर किंवा महामार्गाच्या कडेला कंटेनरांच्या रांगेतून चालणे म्हणजे धूर पिणे. वऱ्हाळादेवी तलावाच्या परिसरात पहाटे मोकळी हवा मिळते. पण ज्याचे घर तेथून दूर त्याने काय करावे? त्याने घराच्या गच्चीवर फेऱ्या घालाव्यात, पेढीचा जिना दिवसातून चार वेळा जास्त चढावा, रिक्षा नाक्याच्या अलीकडे सोडावी, आणि दर तासाने गादीवरून उठून कारखान्यात एक चक्कर मारावी. ही शेवटची सूचना धंद्याच्याही हिताची आहे. मालक फिरता असला की माग बंद राहत नाहीत. पावसाळ्यात चार महिने रस्ते खड्ड्यांनी आणि पाण्याने भरतात, त्या दिवसांत घरात नमस्कार घालावेत. पोट सुटलेल्याने तीन नमस्कारांपासून आरंभ करावा आणि दर आठवड्याला दोन वाढवावेत. हर्निया, गुडघेदुखी, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नयेत.

स्त्रियांची अडचण निराळीच आहे. घरी बसून कांड्या भरणारी किंवा दिवसभर स्वयंपाकघरात वावरणारी स्त्री दमते खूप, पण तिचा श्वास वाढेल अशी हालचाल होत नाही. सर्वांच्या मागून जेवताना उरलेले टाकवत नाही म्हणून तीच ते संपवते. कित्येक घरांत तिने एकटीने पहाटे चालावयास जाणे रुचत नाही. अशा ठिकाणी शेजारच्या चार-पाच जणींनी मिळून निघावे. बोलणी बंद होतात आणि खाडाही पडत नाही. आणि उरलेल्या अन्नाचा प्रश्न तिने खाऊन सुटत नाही, थोडे कमी शिजवून सुटतो. हे घरातील पुरुषांनी ऐकावे, कारण चमचाभर जास्त शिजावे असा आग्रह त्यांचाच असतो.

किती वजन उतरावे? मेहताजींनी पहिल्या सहा महिन्यांचे लक्ष्य चार किलो ठेवावे, म्हणजे मूळ वजनाच्या पाच टक्के. महिन्यात दहा किलो उतरविण्याच्या जाहिराती भिंतीभिंतींवर असतात. त्यांत उतरते ते बहुधा पाणी, स्नायू आणि पाकीट. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात. रोज ३०० वाचविले तर कागदावर पंचवीस दिवसांत एक किलो उतरतो. प्रत्यक्षात थोडा सावकाश उतरतो, कारण शरीरही काटकसर शिकते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काटा अडून बसतो. याच वळणावर बहुतेक लोक वही बंद करतात.

त्यांच्यासाठी चेन्नई येथील एका भारतीय अभ्यासाचा दाखला देणे इष्ट होईल. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींचा सुमारे तीन वर्षे पाठपुरावा केला आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना विशेष सल्ला मिळाला नव्हता त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह जडला. ज्यांनी आहार बदलला आणि नियमित हालचाल वाढवली त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. लक्षणीय गोष्ट ही की, या दुसऱ्या गटाचे वजन फारसे उतरलेच नव्हते. काटा जागच्या जागी होता, आणि तरीही आत शरीराचे काम सुधारले होते. म्हणून वहीत वजनाशेजारी कंबर, चाललेली मिनिटे आणि झोपेचे तास यांचेही रकाने आखावेत. काटा रुसला तरी दुसरा एखादा रकाना बोलत असतो.

शेवटी व्यवहाराची एक सूचना. ज्यांचे वय तिशीच्या पुढे आहे, ज्यांच्या घरात मधुमेह वा हृदयविकार आहे, ज्यांना जिना चढताना छातीत दाटते किंवा धाप लागते, त्यांनी व्यायाम वाढविण्यापूर्वी रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. तिशीवरील व्यक्तींसाठी ही तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरे आणि सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य होते. रांग असते, वेळ जातो, हे मान्य. तरी जाताना आठ दिवसांची ती वही बरोबर न्यावी. डॉक्टरांना विचारण्यास मिनिटे थोडी असतात, आणि ‘खाण्यात काय असते?’ या प्रश्नाला ‘काही विशेष नाही’ हे उत्तर त्यांनी त्या दिवशी आधीच चाळीस वेळा ऐकलेले असते.